पाच ओळींचे गणित

कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी येत असे. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक घरांनी ती पाहिलेली आहे. मोठ्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी सरकी आणि पुडीत बिगर-बीटी, म्हणजे साधी सरकी. वावराच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे अधिक भरेल तेवढ्या जागेत हे साधे बी लावावे, असा नियम होता. नियमाचे पुढे काय झाले तेही सर्वांना ठाऊक आहे. कोणी पुडी कोनाड्यात ठेवून दिली, कोणी बांधावरच सोडली, तर कोणी नांग्या भरायला वापरली. ओळी मोजून लावणारा शेतकरी गावात एखादाच.

त्यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखे फारसे नव्हते. यवतमाळकडच्या एका बैठकीत एका वहिनींनी मला सरळच विचारले होते, "साहेब, अळीले माराचं म्हणून इतकं महाग बी घ्याचं, अन् तिलेच खायाले पाच ओळी येगळ्या लावाच्या, हे कोणतं शायनपन जी?"

प्रश्न बिनतोड आहे. नोकरीत तो मी अनेक वेळा, अनेक गावांत ऐकला. 'सरकारचा नियम आहे' हे त्याचे उत्तर नव्हे. 'शास्त्रज्ञांनी सांगितले आहे' हेही उत्तर नव्हे. खरे उत्तर एका गणितात आहे, आणि ते गणित आपल्या घरातल्या परातीत, मूठभर ज्वारीवर करून पाहता येते. जीवजंतू एका जागेहून दुसरीकडे कसे पसरतात, आणि वेगवेगळ्या जागी राहता राहता पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलत जातात, याचा हिशोब मांडणारी गणिताची एक शाखाच आहे. तिचे नाव ऐकून घाबरून जाऊ नये. बी.एस्सी.ला असताना संख्याशास्त्राच्या पेपरची धडकी मलाही भरत असे. पण हा हिशोब कळला, आणि आपल्या पऱ्हाटीचे जे झाले ते का झाले याचा उलगडा झाला.

चला, परात घेऊ. तिच्यात पांढरी ज्वारी घाला. थोडे दाणे ओल्या कुंकवात घोळून, वाळवून, त्याच ज्वारीत मिसळा. आता डोळे मिटून दोन दाणे उचला. ही झाली एक अळी. प्रत्येक जिवाला प्रत्येक गुण दुहेरी मिळतो, एक आईकडून आणि एक बापाकडून, म्हणून दाणे दोन. पांढरा दाणा म्हणजे बीटीच्या विषाने मरण्याचा गुण आणि लाल दाणा म्हणजे ते विष पचवण्याचा गुण. आता मुख्य गोष्ट लक्षात ठेवा. दोन्ही दाणे लाल असतील तरच अळी वाचते. एक लाल आणि एक पांढरा असेल, तर पांढऱ्याचा जोर चालतो आणि अळी मरते.

एका महिला बचत गटात मी हा खेळ केला, तेव्हा शंभर दाण्यांत दहा लाल घातले होते. बायकांनी पाळीपाळीने जोड्या उचलल्या. एक लाल, एक पांढरा असे बऱ्याच जणींना आले. दोन्ही लाल एकीलाही येईनात. येतील कसे? दहात एक लाल, म्हणून दोन्ही लाल येण्याचा योग दहा गुणिले दहा, म्हणजे शंभरात एक. हा नियम १९०८ साली इंग्लंडमधील हार्डी आणि जर्मनीतील वाइनबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. हार्डी म्हणजे आपल्या रामानुजनला पुढे केंब्रिजला बोलावून घेणारे तेच गणिती. वाइनबर्ग पेशाने डॉक्टर होते. शेतीशी दोघांचाही संबंध नव्हता, पण आज जगभरच्या कीडशास्त्राचा हिशोब त्यांच्या या एका नियमावर उभा आहे.

निसर्गात लाल दाणे दहात एक नसतात, फार विरळ असतात. ते हजारात एक आहेत असे धरू. मग दोन्ही लाल असलेली अळी हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. आता एका तालुक्यातल्या बीटी कपाशीवर एक कोटी अळ्या निघाल्या असे समजा. त्यांत दोन्ही लाल असलेल्या अळ्या फक्त दहा. एक लाल, एक पांढरा असलेल्या सुमारे वीस हजार. बाकी सगळ्या पांढऱ्या. बीटीने त्या वीस हजारही मारल्या आणि पांढऱ्याही मारल्या. उरल्या दहा.

एक कोटीतून दहा उरल्या म्हणजे शेतकरी खूश. पण गंमत पुढेच आहे. तालुक्यात साधी कपाशी कुठेच नसेल, तर या दहांचे पतंग सोयरीक कोणाशी करणार? आपापसांतच. आई लाल-लाल, बाप लाल-लाल, म्हणजे पोरे सगळी लाल-लाल. एक मादी शंभरावर अंडी घालते आणि महिनाभरात पुढची पिढी तयार होते. हजारात एक असलेला गुण एकाच पिढीत हजारात हजार झाला. आता या वंशाला तुमची बीटी म्हणजे साधी पऱ्हाटीच.

आता तोच तालुका पुन्हा घ्या, पण कडेच्या ओळींत साधी कपाशी आहे आणि तिच्यावर पाच लाख अळ्या सुखाने वाढल्या असे धरा. पाखरांनी आणि मित्रकिडींनी खाल्लेल्या दोन्हीकडच्या सोडून देऊ. पतंग उडाले. पाच लाखांच्या जत्रेत ते दहा लाल पतंग विखुरले. त्यांतल्या एखाद्याला लालच जोडीदार भेटण्याचा योग पन्नास हजारांत एक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक लाल पतंगाला पांढरे स्थळ मिळणार. पोरे होणार एक लाल, एक पांढरा अशी. आणि अशी पोरे बीटीवर गेली की मरणार. हिशोब पुरा केला, तर दहा लाख दाण्यांत आधी १,००० लाल होते, ते एका पिढीनंतर सुमारे १,०२० होतात. एकीकडे एका पिढीत सगळा घात आणि दुसरीकडे हजाराला वीसची वाढ. फरक फक्त कडेच्या ओळींचा.

म्हणजे त्या ओळी अळीला पोसण्यासाठी नव्हत्याच. लाल पतंगाला पांढरे स्थळ मिळावे म्हणून त्या होत्या. हे उत्तर बैठकीत सांगितले तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण विसरल्या मात्र नाहीत.

आता कोणी म्हणेल, कागदावरचे गणित आणि वावरातली माती यांत अंतर असते. अगदी खरे. गणिताचा उपयोगच हा, की कोणत्या अटी पाळल्या तर ते लागू पडते हे ते आधी सांगते. या हिशोबाला चार अटी आहेत. लाल दाणे सुरुवातीला विरळ हवेत. एक लाल, एक पांढरा असलेली अळी बीटीवर खात्रीने मरायला हवी, म्हणजे झाडातल्या विषाची मात्रा भरपूर हवी. साधी कपाशी पुरेशी हवी. आणि दोन्हीकडच्या पतंगांची वेळेवर गाठ पडायला हवी. १९७७ साली कॉमिन्स नावाच्या शास्त्रज्ञाने कीटकनाशक मारलेल्या आणि न मारलेल्या जागांमधून किडीची ये-जा चालू असेल तर प्रतिकार किती लांबतो, याचे गणित प्रसिद्ध केले. बीटी पिके तेव्हा कुठेच नव्हती. म्हणजे पाच ओळींमागचे तत्त्व आपल्या पुडीपेक्षा पंचवीस वर्षे जुने आहे.

आपल्याकडे या अटींचे काय झाले ते पाहू.

दुसरी अट घ्या. आपली बीटी कपाशी संकरित वाणांची. संकरात बीटीचा गुण दोनपैकी एकाच पालकाकडून आला असेल, तर झाडाची पाने-फुले बीटी असतात, पण बोंडातली प्रत्येक सरकी तशी नसते. एका गुणापुरते बोलायचे, तर साधारण चारांत एक सरकी त्या गुणाविना निघते. गुलाबी बोंडअळी तर सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषारी दाणाही मिळतो आणि बिनविषारीही. त्यात पीक जुने होत जाते तशी विषाची मात्रा घटते. अर्धवट विषावर जी अळी मरायला हवी होती ती, म्हणजे आपली एक लाल, एक पांढरा वाली, जगून निघते. ती जगली की वरचा सगळा हिशोब कोसळतो, कारण अशा अळ्या दहा नसतात, वीस हजार असतात.

चौथी अट गाठ पडण्याची. पुडीतले बी कधी उगवतच नसे, कधी मुख्य वाणापेक्षा आधी किंवा उशिरा फुलावर येई. लग्नाचा मुहूर्त टळल्यावर वऱ्हाड येऊन काय उपयोग? आणि तिसऱ्या अटीचे तर पुडीबरोबरच काय ते झाले.

गाठ पडण्याचा प्रश्न निघाला की पतंग किती दूर जातो हे पाहावे लागते, आणि येथे गणिताचा दुसरा भाग येतो. अंधारात वाट चुकलेले वासरू कसे चालते? चार पावले इकडे, तीन तिकडे, पुन्हा मागे. अशी दिशाहीन शंभर पावले टाकली, तर सुरुवातीच्या खुंट्यापासून ते सरासरीने दहाच पावले दूर गेलेले असते. दहा हजार टाकली तर शंभर. किडीचे फिरणे पुष्कळदा असेच असते. पण वासरू एकच राहते आणि कीड मात्र वाढत जाते. पसरणे आणि वाढणे एकत्र आले की चित्र पालटते, आणि किडीची सीमा वर्षाला ठरावीक अंतराने पुढे सरकू लागते. चांगला ठरणारा गुण असाच लाटेसारखा पुढे जातो, हे रोनाल्ड फिशर यांनी १९३७ साली गणिताने दाखवले. १९५१ साली स्केलम यांनी ते एका प्राण्यावर पडताळले. १९०५ साली प्राग शहराजवळ अमेरिकेतून आणलेले थोडेसे मस्करॅट मोकळे सुटले. हा पाण्याकाठी बिळे करणारा, घुशीसारखा प्राणी. दरवर्षी त्यांनी किती मुलूख व्यापला त्याचे नकाशे होते. स्केलम यांनी प्रत्येक वर्षीच्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ काढून कागदावर मांडले, तर बिंदू एका सरळ रेषेत आले. जिवाला गणित माहीत नसते, तरी तो गणिताप्रमाणे चालतो तो असा.

मात्र या लाटेचा नियम मोडणारी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे माणूस. गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती गुजरातेतल्या भडोच भागातल्या कपाशीवरून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ती इजिप्तमध्ये पोहोचली, तेथून मेक्सिकोत, आणि १९१७ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सापडली. एवढासा पतंग समुद्र ओलांडून गेला नाही. सरकीच्या आत झोपलेली अळी जहाजातून गेली. ही अळी हंगाम संपला की दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात महिनोन्‌महिने पडून राहते, हे तिचे वैशिष्ट्य. आजही आपल्या तालुक्यात ती नुसती उडून येत नाही. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाडीतून येते, घरात पडून असलेल्या कापसातून येते, कुंपणाला रचलेल्या पऱ्हाटीतून येते. जिनिंगच्या आवाराभोवती कामगंध सापळे लावा असे आम्ही सांगतो ते यासाठीच.

आता प्रश्न असा की बीटीने हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी इतकी वर्षे कशी आटोक्यात ठेवली आणि गुलाबीच तेवढी कशी सुटली? पुडी तर दोघींसाठीही कोणी लावली नव्हती. याचे उत्तर आपल्या शिवारात आहे. अमेरिकन बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो, टोमॅटो आणि मका चालतो. कपाशीत बीटी असली तरी शेजारच्या तुरीच्या तासात आणि रब्बीच्या हरभऱ्यात लाखो पांढरे पतंग आपोआप तयार होत राहिले. शिवारातल्या मिश्र पिकांनीच तिच्यासाठी पाच ओळी लावल्या. आपल्या आजोबा-पणजोबांनी कपाशीत तूर टाकायची रीत ठेवली ती वेगळ्या कारणाने, पण तिचा हा फायदा फुकटात पदरात पडला. गुलाबी बोंडअळीला मात्र कपाशीखेरीज फारसे काही चालत नाही. एकदा कपाशीचे जवळजवळ सगळे क्षेत्र बीटीखाली गेल्यावर तिला साधे रान उरलेच नाही. दोन किडी, तेच बी, तेच शिवार. एकीसाठी ते शिवार नाना तऱ्हेच्या रानांचे होते आणि दुसरीसाठी एकाच रंगाचे. निकाल वेगळे लागले ते त्यामुळे.

२००२ साली आपल्या देशात एका जनुकाची बीटी कपाशी आली आणि २००६ साली दोन जनुकांची. २०१० साली गुजरातेतून पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे काही वर्षांत दोन्ही जनुके तिने पचवली. आणि २०१७ चा हंगाम तर कोणी विसरणार नाही. वरून हिरवेगार बोंड, फोडून पाहिले तर आत काळी पडलेली कवडी. वेचणीची मजुरी निघेना. उभ्या पऱ्हाटीत लोकांनी ट्रॅक्टर घातले, गुरे सोडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. कीड आटोक्याबाहेर गेली की शेतकरी पंप पाठीवर घेतो, आणि विषाची किंमत कधी कधी घरातला कर्ता माणूस देऊन चुकवावी लागते. म्हणून हे गणित निव्वळ शास्त्रज्ञांच्या करमणुकीचे नाही. त्याच्या उत्तरावर घरे उभी राहतात आणि मोडतात.

दुसरीकडे काय घडले तेही सांगतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १९९६ पासून बीटी कपाशी आहे. तेथील शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे क्षेत्र नेमाने राखले, आणि दहा वर्षे गुलाबी बोंडअळीतला प्रतिकार वाढला नाही. २००६ पासून त्यांनी नपुंसक केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडण्यास सुरुवात केली. त्याला बीटीची, सापळ्यांची आणि पीक वेळेवर मोडण्याची जोड दिली. २०१८ साली अमेरिकेच्या कापूस क्षेत्रातून ही कीड नाहीशी झाल्याचे सरकारने जाहीर केले.

चीनची गोष्ट आणखी निराळी. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी बीटी आणि साधी कपाशी यांच्या संकराचे दुसऱ्या पिढीचे बी लावायला सुरुवात केली. स्वस्त पडते, पीक बरे येते, एवढाच त्यांचा विचार. पण अशा बियांतून उगवलेल्या चार झाडांत एक झाड साधे निघते. म्हणजे पाच ओळी कोणी न सांगता वावरभर पसरल्या. वाढू लागलेला प्रतिकार तेथे मागे हटला. २०१७ साली, आपल्याकडे बोंडे सडत होती त्याच वर्षी, हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आता आपण काय करावे? येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पहिली अटच आपल्याकडे उरलेली नाही. लाल दाणे आता विरळ नाहीत. त्यामुळे आज नुसत्या पाच ओळी लावल्या म्हणजे बीटी पुन्हा पहिल्यासारखी चालेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. साधे बी आता पिशवीतच मिसळून मिळते. ते वेगळे लावायची कटकट त्यामुळे गेली, आणि ही अळी सहसा एका झाडावरून दुसऱ्यावर हिंडत नसल्याने असे मिश्रण तिच्या बाबतीत चालण्यासारखेही आहे. ते पुढे येणाऱ्या नव्या वाणांसाठीही उपयोगाचे आहे. पण गुलाबी बोंडअळीवर आजचा खरा उपाय गणिताच्या तिसऱ्या भागात आहे.

हा भाग मांडला रिचर्ड लेविन्स यांनी, १९६९ साली, आणि तोही किडींच्या नियंत्रणाचा विचार करताना. हे गणिती पोर्तो रिको बेटावर काही वर्षे स्वतः शेती करून राहिलेले होते, म्हणून मला त्यांचे विशेष वाटते. त्यांनी सांगितले, एका वावरातल्या अळ्या मोजू नका. गावातली किती वावरे लागलेली आहेत आणि किती मोकळी आहेत ते मोजा.

समजा, कीड लागलेले एक वावर, ते लागलेले असेपर्यंत, चार ठिकाणी कीड पोहोचवते. सुरुवातीला सगळी वावरे मोकळी, म्हणून एकाची चार, चाराची सोळा होतात. पण पुढे पुढे पतंग जेथे जातात ते वावर आधीच लागलेले असते. गावातल्या शंभर वावरांत पंच्याहत्तर लागली की चारांतला एकच फेरा मोकळ्या वावरात पडतो. एक जुने सुटते, एक नवे लागते आणि आकडा पंच्याहत्तरवर स्थिर राहतो. आता वावर लागून राहण्याचा काळ निम्मा केला तर काय होईल? ते चारांऐवजी दोनच ठिकाणी कीड पोहोचवील, आणि आकडा पन्नासवर येईल. काळ पाव केला, तर एका वावरातून एकच फेरा निघेल, आणि आकडा हळूहळू शून्याकडे जाईल. लक्षात घ्या, यात कोणी शेवटची अळी शोधून मारलेली नाही. कीड जितक्या वेगाने पसरते त्याहून अधिक वेगाने वावरे मोकळी केली, एवढेच.

म्हणूनच फरदडीला आमचा इतका विरोध. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढली, तर अळीला खायला उरत नाही. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी देऊन फरदड ठेवली, की लागून राहण्याचा काळ वाढतो आणि शेवटच्या पिढीतून झोपी जाणाऱ्या अळ्यांचा साठा पुढच्या हंगामासाठी तयार होतो. हंगामापूर्वी मे महिन्यात लागवड केली, की त्या उठलेल्या पतंगांना लवकर पाते-फुले मिळतात. दोन हंगामांमधली जागा रिकामी राहिली, तर पतंग निघतात, पण अंडी घालायला कपाशी नसते आणि ते तसेच मरून जातात. कमी दिवसांत येणारे वाण निवडणे, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावणे, डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करणे, पऱ्हाटीचे ढीग बांधावर न ठेवणे, या सगळ्या शिफारशी त्या एका हिशोबात बसतात. प्रत्येकीने लागून राहण्याचा काळ तरी घटतो, नाहीतर फेरे तरी कमी होतात.

लेविन्स यांच्या गणितातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती शेतकऱ्याच्या मनाला लागणारी आहे. उपाय सगळ्या शिवारात एकाच वेळी झाला तर लागू पडतो. आज माझ्या वावरात, पंधरा दिवसांनी शेजाऱ्याच्या, अशा रीतीने झाला, तर कीड मोकळ्या वावरातून लागलेल्यात आणि पुन्हा मोकळ्यात अशी फिरत राहते. एका म्हाताऱ्या शेतकरीदादांनी मला विचारले होते, "मी पऱ्हाटी उपटली, शेजाऱ्याची उभीच आहे. मंग माह्या उपटन्याले काय अर्थ?" त्यांचे बोलणे खरे आहे. गणितही तेच सांगते. एकट्याने केलेल्या कामाचा खर्च एकट्याचा, आणि फायदा मात्र पतंगाबरोबर गावभर वाटला जातो. पाच ओळी कोणी लावल्या नाहीत त्याचेही कारण हेच. प्रत्येकाने स्वतःपुरता विचार केला, तो स्वतःपुरता बरोबरही होता, आणि सगळ्यांचे बरोबर मिळून गावाचे चुकले.

अशा कामांसाठी आपल्याकडे रीती आहेत. सावडीने पेरण्या होतात, गावतळ्याचा गाळ एका दिवशी काढला जातो, पोळ्याला सगळ्यांचे बैल एकाच वेळी तोरणाखाली येतात. तशीच पऱ्हाटी काढण्याची एक तारीख गावाने ठरवावी. ज्याच्याकडे मजूर नाहीत त्याला गावाने हात द्यावा, कारण त्याची उभी पऱ्हाटी त्याच्या एकट्याची राहिलेली नसते. फरदडीतून दोन पैसे मिळतात, हे मला माहीत आहे. हातातोंडाशी गाठ असलेल्या घराला ते सोडणे सोपे नाही. म्हणून ही गोष्ट एकेका घराला उपदेश करून होणार नाही. ओलिताची सोय असलेल्यांनी कपाशीच्या जागी हरभरा किंवा गहू घेतला, तर त्या दोन पैशांची भरपाई होऊ शकते, हा हिशोब प्रत्येक घराने आपल्या चुलीपाशी बसून मांडावा. घरातल्या बाईमाणसांना त्यात बसवावे, कारण वेचणी त्याच करतात, आणि शेवटच्या वेच्याला किती कवडी आणि किती कापूस निघतो हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही.

शाळकरी मुलांनाही परातीतला ज्वारीचा खेळ करू द्यावा. दहा लाल, नव्वद पांढरे. जोड्या उचला, दोन्ही लाल तेवढ्याच वाचवा, बाकी बाजूला काढा, आणि वाचलेल्यांचीच पुढची पिढी करा. मग तोच खेळ मूठभर साधी ज्वारी बाजूला राखून करा. पहिल्या खेळात एकाच फेरीत परात लाल होते, आणि दुसऱ्यात किती फेऱ्या लागतात ते त्यांनाच मोजू द्या. पुढे कधीतरी नवे बी येईल, नवा गुण येईल, आणि त्याच्याही पाकिटावर काही नियम छापलेले असतील. ते वाचताना या पोरांना परात आठवली, तर नियम पाळायचा की नाही हे ते समजून ठरवतील. यंदा मात्र जूनच्या पेरणीआधी ग्रामसभेत दोनच गोष्टी ठरवून घ्या. पेरणी कोणत्या आठवड्यात सुरू करायची, आणि पऱ्हाटी कोणत्या तारखेला काढायची.